रॉस ॲश्बी: सगळं सगळ्याशी जोडून चालत नाही

डिसेंबर १९४८ मध्ये लंडनच्या 'डेली हेरल्ड'मध्ये एका विचार करणाऱ्या यंत्राची बातमी आली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकानेही ती उचलली. हे यंत्र ग्लॉस्टरच्या बार्नवुड हाउस या मनोरुग्णालयात उभं होतं आणि ते बनवलं होतं तिथल्या संशोधनप्रमुखाने, डॉ. विल्यम रॉस ॲश्बी या मनोविकारतज्ज्ञाने. ब्रिटिश हवाई दलाने मोडीत काढलेल्या बॉम्ब-नियंत्रणाच्या चार पेट्या, चार चुंबकं, पाण्याच्या चार पन्हळी, टेलिफोन एक्स्चेंजमधले फिरते खटके, एवढंच सामान. खर्च सुमारे ५० पौंड. यंत्राचं नाव होमिओस्टॅट.

ॲश्बीचं नाव सहसा याच यंत्रापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. माझ्या मते त्याचं मोठं काम पुढचं आहे. हे यंत्र जिथे अडलं, तिथून त्याने जो प्रश्न धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही: अनेक भागांची एखादी व्यवस्था बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणार असेल, तर तिचे भाग एकमेकांशी किती जोडलेले असावेत? मेंदूपासून जंगलापर्यंत लागू पडणारा हा प्रश्न एका मनोविकारतज्ज्ञाने विचारला, आणि त्याचं उत्तर आकड्यांत मांडायचा प्रयत्न केला.

ॲश्बीचा जन्म ६ सप्टेंबर १९०३ चा, लंडनचा. केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात प्राणिशास्त्र, मग लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमधून वैद्यकीचं शिक्षण, १९३१ मध्ये मनोविकारशास्त्राची पदविका. लंडन काउंटी कौन्सिलच्या नोकरीत असताना लीव्ह्सडनच्या रुग्णालयात त्याने आर. एम. स्ट्यूअर्ट यांच्यासोबत मतिमंद रुग्णांच्या मेंदूंची मोजमापं केली. तेव्हाच्या मनोविकारशास्त्राची ही सरळ वाट होती. आजार मेंदूत असेल तर मेंदू मोजा, वजन करा, काप काढा. १९३६ मध्ये तो नॉर्दॅम्प्टनच्या सेंट अँड्र्यूज हॉस्पिटलमध्ये संशोधक पॅथॉलॉजिस्ट म्हणून गेला आणि १९४७ पर्यंत त्या पदावर राहिला. मधली दोन वर्षं, १९४५ ते ४७, सैन्याच्या वैद्यकीय दलात मेजर म्हणून त्याने भारतात काढली, मुख्यतः पुण्यात आणि बंगळूरमध्ये.

या सगळ्या नोकऱ्यांच्या मागे एक दुसरं काम चालू होतं. मे १९२८ पासून ॲश्बी वह्या लिहीत होता. निधन झालं तोवर २५ खंड आणि ७,१८९ पानं भरली होती. पानांना सलग क्रमांक, आणि विषयवार शोध घेता यावा म्हणून कार्डांची वेगळी सूची. पंधरा वर्षांपूर्वीच्या टिपणाशी आजचं टिपण जोडायचं तर सूचीतून पान क्रमांक काढायचा आणि समासात लिहायचा. दोन-तीन क्षेत्रांत एकाच वेळी काम करणाऱ्या माणसाचं ज्ञान विखरून जातं, ते इथे विखुरलं नाही त्याचं मोठं श्रेय मी या सूचीला देतो. प्रतिभेची चर्चा खूप होते, या शिस्तीची होत नाही.

वह्यांमधला मूळ प्रश्न असा होता. मज्जासंस्था हे यंत्र मानलं, तर ते ठरावीक नियमांनीच चालणार. मग ते शिकतं कसं, चुकलं की सुधारतं कसं? आतमध्ये कुणी ठरवणारा बसवायचा नाही, ही त्याची अट. १९४० च्या 'जर्नल ऑफ मेंटल सायन्स'मधल्या लेखात त्याने उत्तराचं पहिलं टोक धरलं: जुळवून घेणं म्हणजे एका प्रकारचा समतोल. शरीराचं तापमान, रक्तातली साखर अशा गोष्टी ठरावीक मर्यादेत राहिल्या तर प्राणी जगतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शरीराबद्दल जे सांगितलं होतं, ते ॲश्बीने वर्तनाला लावलं. वागण्याचा एक प्रकार मर्यादा सांभाळू शकत नसेल तर तो टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. दुसरा कोणता, हे कुणी निवडलं नाही तरी चालतं.

शेवटचं वाक्य सिद्ध करण्यासाठी होमिओस्टॅट होता, आणि तो मार्च १९४८ मध्ये चालू झाला. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे.

चार एकसारख्या पेट्या. प्रत्येकीच्या डोक्यावर कण्यावर फिरणारं एक चुंबक. चुंबकापुढे पाण्याची अर्धगोल पन्हळ, तिच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विद्युतदाब पायरीपायरीने बदलत जातो. चुंबकाला लावलेली तार या पाण्यात बुडलेली असते. चुंबक वळलं की तार पन्हळीत सरकते, वेगळा दाब उचलते आणि तो व्हॉल्व्हच्या (प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या निर्वात नळीच्या) ग्रिडला देते. चुंबक मध्यावर असेल तेव्हा पेटीतून बाहेर प्रवाह जात नाही. जितकं कलेल तितका प्रवाह, कल ज्या बाजूचा त्या दिशेचा.

प्रत्येक पेटीचा प्रवाह बाकीच्या तिघींकडे जातो. आत येणारे प्रवाह चुंबकाभोवतीच्या कॉइलमधून फिरतात आणि त्यांच्या बेरजेइतका पीळ चुंबकाला देतात. चौथी कॉइल पेटीचाच प्रवाह तिला परत देते. कॉइलमध्ये शिरण्याआधी प्रत्येक प्रवाह दोन ठिकाणांहून जातो: कम्युटेटर त्याची दिशा ठरवतो, पोटेन्शिओमीटर त्याचा किती हिस्सा पुढे जाईल ते ठरवतो. हाताने फिरवायच्या या दोन गोष्टींऐवजी युनिसिलेक्टर जोडता येतो. हा टेलिफोन एक्स्चेंजमधला फिरता खटका, त्याला २५ जागा, आणि प्रत्येक जागेवर दिशा आणि हिश्शाची वेगळी किंमत. या किमती ॲश्बीने स्वतः ठरवल्या नाहीत. फिशर आणि येट्स यांच्या यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून उचलून त्या सोल्डर केल्या. उत्तर यंत्रात आधीच लपवून ठेवलं आहे, असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून.

आता खरी मेख. पेटीचा बाहेर जाणारा प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, जोडला जातो. ही त्या पेटीची 'जीवनावश्यक' मर्यादा. पण रिलेची तपासणी सतत होत नाही. १ ते १० सेकंदांच्या दरम्यान चालवणारा ठरवेल त्या अंतराने होते. समजा ३ सेकंद ठेवले. दर तिसऱ्या सेकंदाला यंत्र बघतं: मर्यादा ओलांडली आहे? असेल तर युनिसिलेक्टर एक घर पुढे. नसेल तर आहे तिथेच. बस्स. म्हणजे दोन फेरे एकात एक बसवलेले आहेत. आतल्या फेऱ्यात चुंबकं एकमेकांना ढकलतात. बाहेरच्या फेऱ्यात, ढकलाढकली हाताबाहेर गेली तर ढकलण्याचे नियमच बदलतात.

तपासणीचं हे अंतर जपून निवडावं लागतं. फार कमी ठेवलं तर नवी जोडणी चांगली असूनही, चुंबक टोकाकडून मध्याकडे परतत असतानाच तपासणी येते आणि चांगली जोडणी फेकली जाते. फार जास्त ठेवलं तर वाईट जोडणीत चुंबक टोकाला अडकून उगाच बसून राहतं.

प्रात्यक्षिकात ॲश्बी यंत्र स्थिर झालं की मुद्दाम बिघडवायचा. एका तारेची दिशा उलट करायची. किंवा दोन पेट्यांची चुंबकं काचेच्या बारीक काडीने एकमेकांना बांधायची, म्हणजे ती एकत्रच हलतील. चुंबकं टोकांना जाऊन आपटतात, युनिसिलेक्टर टकटक करत पुढे सरकतात, आणि काही वेळाने यंत्र या नव्या परिस्थितीतही शांत होतं. काचेच्या काडीचा विचार यंत्र बनवताना कुणीही आराखड्यात घातलेला नव्हता.

यंत्र बनण्याआधीच, १९४६ मध्ये, गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने ॲश्बीला पत्र लिहून सुचवलं होतं की वेगळं यंत्र बांधण्यापेक्षा आमच्या नियोजित संगणकावरच त्याची नक्कल करा. आज ट्युरिंगचं म्हणणं कुणालाही घरबसल्या अमलात आणता येतं. चार चलं घ्या. प्रत्येकाचं त्वरण म्हणजे चारही चलांना आपापल्या गुणकाने गुणून आलेली बेरीज, वजा स्वतःच्या वेगाला अवरोधाने गुणून येणारी संख्या. गुणक −१ ते +१ मधले यादृच्छिक, अवरोध १, चलाची हद्द −१ ते +१, मर्यादा ०.५, काळाची पायरी ०.०१ सेकंद, तपासणी सुरुवातीला दर १० सेकंदांनी. मर्यादा ओलांडणाऱ्या चलाचे चार गुणक बदला, बाकीच्यांचे नाही.

यात चार ठिकाणी गाडी अडते. सगळी चलं शून्यावर ठेवून सुरुवात केली तर कुठलीही जोडणी स्थिर दिसते, कारण हलवणारंच कुणी नसतं. म्हणून सुरुवातीला धक्का द्या आणि अधूनमधून देत राहा. काळाची पायरी मोठी घेतली तर गणिताचीच चूक फुगते आणि ती यंत्राची अस्थिरता वाटते. चल हद्दीला पोचल्यावर त्याचा वेग शून्य केला नाही, तर साठलेल्या वेगामुळे ते तिथेच चिकटून राहतं. आणि अवरोध फार कमी ठेवला तर एरवी स्थिर होऊ शकणाऱ्या जोडण्याही झोके घेत वाढत जातात.

आता यंत्राची मर्यादा. चार युनिसिलेक्टर, प्रत्येकी २५ जागा, म्हणजे ३,९०,६२५ जोडण्या. दर ३ सेकंदांना एक या हिशोबाने सगळ्या तपासायला साडेतेरा दिवस. प्रत्यक्षात एवढा वेळ लागत नाही, कारण स्थिर जोडणी एकच नसते आणि पहिली सापडली की शोध थांबतो. पण पेट्या १० केल्या तर? २५ चा दहावा घात, तोच ३ सेकंदांचा हिशोब, उत्तर सुमारे ९० लाख वर्षं. शिवाय पेट्या वाढतात तशा यादृच्छिक जोडण्यांतल्या स्थिर जोडण्यांचं प्रमाण घसरत जातं. एकच चल असेल तर निम्म्या जोडण्या स्थिर, दोन असतील तर चौथा हिस्सा, पुढे घसरण आणखी वेगाने. मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. या पद्धतीने मेंदू शिकत असता तर कुठलंही बाळ चालायला शिकलं नसतं.

आणखी एक उणीव होती. यंत्राला आठवण नव्हती. काडी बांधली, यंत्र जुळलं. काडी काढली, पुन्हा पहिल्यापासून शोध. बार्नवुडपासून जवळच, ब्रिस्टलच्या बर्डन इन्स्टिट्यूटमध्ये फिरती यांत्रिक कासवं बनवणाऱ्या ग्रे वॉल्टरने या यंत्राला झोपाळू म्हटलं होतं, डिवचलं तरच जागं होणारं. ती टीका मजेशीर आहे, पण मुळावरची नाही. मुळावर घाव घालणारी ही आकडेमोड आहे, आणि ती ॲश्बीने स्वतःच 'डिझाइन फॉर अ ब्रेन'मध्ये (१९५२) वाचकांसमोर ठेवली.

त्यातून त्याला जे उमगलं ते मला त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. प्रत्येक भाग प्रत्येक भागाशी सतत जोडलेला असेल तर सगळं एकाच वेळी जुळावं लागतं. एका कोपऱ्यात मिळालेलं यश दुसऱ्या कोपऱ्यातली गडबड पुसून टाकते. पण भाग बराच काळ एकमेकांपासून तुटक राहत असतील, तर प्रत्येक गट आपापलं उत्तर शोधून धरून ठेवू शकतो. मग लागणारा वेळ गुणाकाराने वाढत नाही, बेरजेने वाढतो. १० पेट्या एकेक करून स्थिर करायच्या तर २५ चे १० शोध, म्हणजे जास्तीत जास्त २५० पावलं, साडेबारा मिनिटं. एकीकडे साडेबारा मिनिटं, दुसरीकडे ९० लाख वर्षं. फरक फक्त तात्पुरत्या तुटकपणाचा आहे.

हे यंत्रात दाखवायला त्याने दुसरं यंत्र बांधायला घेतलं, डॅम्स नावाचं. १०० व्हॉल्व्ह, आणि त्यांना जोडणारे निऑनचे दिवे. निऑनचा दिवा ठरावीक दाबाखाली प्रवाह जाऊ देत नाही, म्हणजे जोडणी आपोआप कधी चालू, कधी बंद. कल्पना सुंदर होती, यंत्र मात्र मनासारखं चाललं नाही. इतक्या भागांच्या यंत्रात काय चाललंय हे बांधणाऱ्यालाही कळेना. पुस्तकाच्या १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीतून त्याने डॅम्स गाळलं, आणि बरीचशी जागा याच प्रश्नाच्या काटेकोर मांडणीला दिली: एका परिस्थितीत शिकलेलं दुसऱ्या परिस्थितीत शिकताना पुसलं जाऊ नये म्हणून मध्ये दार कसं असावं. यंत्र फसलं, पण ते पुस्तक त्यामुळे दुप्पट मोलाचं झालं.

१९५६ चं 'ॲन इंट्रोडक्शन टू सायबरनेटिक्स' हे त्याचं सर्वाधिक वाचलं गेलेलं पुस्तक. सायबरनेटिक्स म्हणजे यंत्रांतल्या आणि सजीवांतल्या नियंत्रणाचं शास्त्र. त्यातला आवश्यक विविधतेचा नियम एका तक्त्याने समजतो. ओळी म्हणजे येऊ शकणारे अडथळे, स्तंभ म्हणजे तुमच्या हातातले उपाय, खणात परिणाम. अट एकच: एकाच उपायाने दोन वेगळ्या अडथळ्यांचा परिणाम सारखा होत नाही. अडथळे १२ आणि उपाय ३ असतील, तर तुम्ही कितीही हुशारीने खेळा, परिणाम किमान ४ प्रकारचे निघणारच. एकच हवा तो परिणाम दर वेळी पाहिजे असेल तर उपायही १२ लागतील. विविधतेला विविधताच मारू शकते.

हा नियम व्यवस्थापनाच्या क्षेत्रात स्टॅफर्ड बिअरने नेला. पण तो ॲश्बीच्या मूळ जागी, वॉर्डात, लावून पाहावा. रात्री एक रुग्ण अस्वस्थ झालाय, ओरडतोय, पलंगावर थांबत नाही. कारणं कोणती असू शकतात? भास. भीती. दारू अचानक बंद झाल्यामुळे आलेला कंप आणि भ्रम. रक्तातली साखर उतरणं. लघवी तुंबणं. न सांगता येणारी वेदना. किंवा आधी दिलेल्या मनोविकारावरच्या औषधानेच आलेली अशी तगमग, की पाय एका जागी राहत नाहीत. आता वॉर्डाकडे उपाय दोनच असतील, झोपेचं इंजेक्शन आणि बांधून ठेवणं, तर नियम सांगतो की काही रुग्णांचं वाईटच होणार, कर्मचारी कितीही प्रेमळ असोत. शेवटच्या कारणात तर तेच औषध वाढवलं की तगमग वाढते.

यावर मार्ग दोन. उपाय वाढवा, किंवा अडथळे दाराशीच गाळा: साखर तपासा, ताप पाहा, पोटावर हात ठेवून मूत्राशय बघा, शेवटचं पेय कधी घेतलं ते घरच्यांना विचारा. पाच मिनिटांच्या तपासणीने कारणांची यादी निम्मी होते. उपायांची कपाटं भरून मात्र भागत नाही. कोणता अडथळा आहे हे ओळखता आलं नाही तर १२ उपाय असूनही निवड आंधळीच. ॲश्बीने रॉजर कॉनंटसोबत १९७० मध्ये लिहिलेल्या लेखाचा मथळाच सांगतो की कुठल्याही व्यवस्थेचं चांगलं नियमन करणारा त्या व्यवस्थेची प्रतिकृती असावा लागतो. वॉर्डात ती प्रतिकृती अनुभवी परिचारिकेच्या डोक्यात असते.

खुद्द मनोविकारशास्त्राला मात्र ॲश्बीने त्या मानाने थोडंच दिलं, आणि ही बाजू झाकू नये. बार्नवुड हाउस हे ब्रिटनमध्ये विजेचे झटके पहिल्यांदा वापरलेल्या जागांपैकी एक. १९५४ मध्ये त्याने सायबरनेटिक्स मनोविकारशास्त्राला कसं लागू पडेल यावर लेख लिहिला. पण यंत्राला धक्का दिला की जोडण्या बदलतात हे खरं असलं, तरी माणसाला धक्का दिल्यावर नव्या जोडण्या आधीपेक्षा बऱ्या असतील याची हमी होमिओस्टॅट देत नाही. यंत्रात हमी येते ती पुन्हापुन्हा तपासणाऱ्या रिलेमुळे. रुग्णाच्या बाबतीत ते तपासणं म्हणजे त्याच्याशी बोलणं, महिनोन्महिने. त्या काळातल्या उपचारांत धक्का होता, रिले बराच कमकुवत होता.

१९५९-६० मध्ये तो बर्डन इन्स्टिट्यूटचा संचालक होता. ते पद त्याला मानवलं नाही. १९६१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हाइन्झ फॉन फर्स्टर यांच्या बायॉलॉजिकल कॉम्प्युटर लॅबोरेटरीत तो गेला, आणि विद्युत अभियांत्रिकीचा प्राध्यापक झाला. मनोविकारतज्ज्ञ अभियंत्यांना शिकवू लागला. १९७० मध्ये निवृत्त होताना त्याने मार्क गार्डनर या विद्यार्थ्यासोबत 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. संगणकावर यादृच्छिक जोडण्यांच्या व्यवस्था तयार करायच्या, प्रत्येक भाग एकटा असताना स्थिर असेल असं पाहायचं, मग जोडण्यांचं प्रमाण हळूहळू वाढवत न्यायचं. आढळलं ते असं: एका प्रमाणापर्यंत व्यवस्था बहुधा स्थिर राहते आणि त्यापलीकडे एकदम कोलमडते. भाग जितके जास्त, तितकी ही कड धारदार.

दोन वर्षांत परिसरशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी त्याला सूत्र दिलं: भागांची संख्या गुणिले जोडण्यांचं प्रमाण, त्याचं वर्गमूळ, गुणिले जोडणीची सरासरी ताकद, हे १ च्या खाली असेल तर व्यवस्था स्थिर. म्हणजे १०० भाग आणि १० टक्के जोडण्या असतील, तर ताकदीची मर्यादा १० भाग पूर्ण जोडलेले असतानाइतकीच, सुमारे ०.३२. शंभरही पूर्ण जोडले तर ०.१. जंगलात प्रजाती जितक्या जास्त तितकं ते स्थिर, ही परिसरशास्त्रातली रूढ समजूत या गणिताने हलली आणि त्यावरचा वाद पुढे अनेक वर्षं चालला. मे यांचा लेख १९७२ चा. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला मेंदूतल्या गाठीने ॲश्बीचं निधन झालं.

२००३ मध्ये त्याच्या मुलींनी वह्या ब्रिटिश लायब्ररीला दिल्या, आणि आता पानं व कार्डांची सूची दोन्ही इंटरनेटवर पाहता येतात. वाचायला सुरुवात करायची तर 'इंट्रोडक्शन'पासून करावी. तेही मोफत मिळतं, गणित शाळेपुरतं पुरतं, आणि प्रत्येक प्रकरणात उदाहरणं सोडवायला दिली आहेत, उत्तरं मागे. ती न सोडवता पुढे गेलात तर अकराव्या प्रकरणातला विविधतेचा नियम निव्वळ सुभाषितासारखा वाटेल. तक्ता स्वतः कागदावर मांडून चार परिणाम तीनवर आणायची धडपड करून पाहा.